मोहाखालची मुलाखत

मुलाखत एकट्याची घ्यावी, चारचौघांत घेऊ नये, हे ज्यानं मला शिकवलं तो माणूस भला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कोणी त्याला शिव्या घालणार नाही. चूक माझ्या हातून झाली. मी तेव्हा पस्तिशीची होते, दोन लेकरांची आई होते, त्यामुळे अजाण होते असं म्हणायची सोय नाही.

तो नागपूरचा पत्रकार. गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन दोनेक वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. अहेरीच्या बस स्टँडवर आमच्या ह्यांचा पेपरचा ठेला होता. हा माणूस लाल गाडीतून उतरला, गळ्यात चामड्याच्या पिशवीतला टेपरेकॉर्डर, आणि ठेल्यावर येऊन विचारू लागला की इथं माडिया आणि मराठी दोन्ही बोलणारं कोणी भेटेल का. आमच्या ह्यांनी पेपराची घडी करत सांगितलं, "आमच्या घरचीच बोलते नं. पण ते लई बोलते. तुमची टेप पुरली पाह्यजे."

माझं माडिया कुठून आलं तेही सांगते. आम्ही मूळचे ब्रह्मपुरीकडचे, बौद्ध. बाप बांबूच्या डेपोवर चौकीदार म्हणून जंगलात आला आणि तिथंच राहिला. माझं बालपण माडियांच्या पोरींबरोबर मोहफुलं वेचण्यात गेलं. शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण ठेल्यावर उरलेल्या पेपरांवर झालं. न खपलेले पेपर घरी यायचे, ते मी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायची, जाहिरातीसकट.

त्या माणसाबरोबर मी आठ दिवस गावोगाव फिरले. तो विचारायचा मराठीत, मी विचारायची माडियात, उत्तर आलं की उलटं. रात्री मुक्कामाला शाळेच्या ओसरीवर बसलो की तो मला समजावून सांगायचा. पहिल्यांदा मोठं विचारायचं नाही, म्हणायचा. कोंबड्या किती, पाणी कुठून आणता, इथून सुरू करायचं. मग मुद्द्याचं एकच विचारायचं आणि गप्प बसायचं. माणसाला गप्प राहणं सहन होत नाही, तो स्वतःच बोलतो. आणि चारचौघांत कोणी खरं बोलत नाही, शेजारी शब्द पुरवतात, म्हाताऱ्यांचा धाक असतो, म्हणून बाजूला घ्यायचं. "गावाला रक्त येत नाही, बाई. माणसाला येतं. त्या एका माणसाला शोधा." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. मला ते फार आवडलं होतं.

तो गेला, पण मला चटक लावून गेला. चंद्रपूरहून एक साप्ताहिक निघायचं, त्याला अहेरीचा वार्ताहर हवा होता. बाईचं नाव छापायला संपादक राजी नव्हता. जंगलचा भाग आहे, उद्या काही झालं तर, वगैरे. म्हणून लिहायची मी आणि नाव छापायचं ह्यांचं. ओळखपत्रावर फोटोसुद्धा ह्यांचाच. मजकूर पाकिटात घालून एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचा, चंद्रपूरच्या स्टँडवर संपादकाचा माणूस घेऊन जायचा. दर आठवड्याला पेपर आला की हे मला विचारायचे, "अवं, या हप्त्यात मी काय लिवलो ते सांगून ठेव. लोक चौकात विचारतात, मी आपला मुंडी हालवत राह्यतो."

अशी तीन वर्षं मजेत गेली. बातम्या म्हणजे कुठं हातपंप बिघडला, कुठं मास्तर येत नाही, कुठं अस्वलानं माणूस फाडला.

मग एका बाजाराच्या दिवशी चारोळी विकायला आलेल्या एका माडिया बाईनं मला सांगितलं की तिच्या गावातले पाच पुरुष आठ दिवसांपासून चालू शकत नाहीत. तिचा नवराही त्यांतलाच. नदीपलीकडच्या रस्त्याच्या कामावरचा रोलर जंगलातल्या लोकांनी जाळला होता. जंगलातले लोक म्हणजे बंदूकवाले, आम्ही त्यांना अंदरवाले म्हणत असू. अंदरवाले कुठं सापडणार? पोलिसांनी गावातले पाच जण उचलले आणि तीन दिवस चौकीत ठेवले.

माडिया बोलणं माझ्या मराठीत सांगते आहे, हे लक्षात असू द्या.

"येतेस का पाहायला?" तिनं विचारलं. "तू तर लिवते म्हणे."

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंग्यातून नदी ओलांडून, दोन तास पायी चालून मी त्या गावी पोचले. पंधरा-वीस घरं. मधोमध गोटूल, म्हणजे गावानं एकत्र बसायची जागा. चारी बाजूंनी उघडी, वर गवताचं छप्पर, बसायला ओंडके. मला पाहून गाव गोळा झालं. त्या पाच जणांना पाठीवर घालून आणलं आणि ओळीनं बसवलं. तळपाय मी पाहिले. कातडी सुटून टाचेकडे लोंबत होती, आत मांस पांढरं पडलेलं. एकाच्या हाताची तीन नखं नव्हती. बायकांनी मोहाच्या बियांचं तेल लावलं होतं, त्याच्यावर माश्या बसत होत्या आणि ती माणसं माश्या हाकलायलासुद्धा पाय हलवत नव्हती.

गावाचा भूमिया, म्हणजे त्यांचा प्रमुख, म्हातारा होता. तो बोलू लागला. "आम्हाला नेलं. आम्हाला उलटं टांगलं. आमच्या डोळ्यांत मिरची घातली." मी म्हटलं, बाबा, तुम्हाला तर नेलंच नव्हतं. तर म्हणतो, "हो. आम्हाला नेलं." दुसऱ्याला विचारलं, तोही तेच. आम्ही, आम्हाला, आमचं. कोण कोणाबद्दल बोलतोय कळायला मार्ग नाही. एक जण अडला की दुसरा पुढं सांगायचा, आणि पहिला मान हलवायचा. तासभर हे चाललं. माझी वही जवळजवळ कोरीच. मला त्यांचा राग येऊ लागला, खरं सांगते. एवढं चालून आले आणि हे मला एक धड माणूस देत नाहीत.

म्हणून मी तो चारोळीवालीचा नवरा निवडला. तिशीचा, बांबू तोडायला जाणारा, डोळे बोलके. म्हटलं, मला ह्याच्याशी एकट्याशी बोलायचंय.

भूमिया म्हणाला, "इथं काय वाईट आहे? इथंच विचार."

"त्याला मोकळं बोलता येईल."

"बाहेरच्याशी आमच्यात कोणी एकटं बोलत नाही. पोलीस असो, फॉरेस्टवाला असो, अंदरवाला असो. कमीत कमी दोघं शेजारी बसतात. ते बोलत नाहीत, नुसतं ऐकतात."

"मी काय पोलीस आहे?" मी हसत म्हटलं. "माझा बाप तुमच्या डेपोवर होता. मी तुमच्याच अंगणात वाढले. तुमचीच लेक ना मी?"

लेकीला नाही कसं म्हणणार? भूमियानं चारोळीवालीकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं. मला बाजारात पहिल्यांदा सांगणारी तीच होती, तिला आता मागं सरता येईना. तिनं नवऱ्याला पाठीवर घेतलं, गावाबाहेरच्या मोहाखाली आणून बसवलं, आणि ती लांब जाऊन उभी राहिली. सगळं गाव गोटुलातून आमच्याकडं बघत होतं. दिसत होतं सगळ्यांना, ऐकू कोणालाच येत नव्हतं.

नागपूरवाल्यानं शिकवल्याप्रमाणं मी सुरुवात केली. कोंबड्या किती? कुत्रा आहे का? मग विचारलं, पहिल्या दिवशी काय झालं? आणि गप्प बसले.

तो बोलला. लोखंडी पलंगाला कसं बांधलं, कोण पायांवर बसलं, कोणी दांडा धरला, पाणी मागितल्यावर तोंडात काय घातलं. दुसऱ्या दिवशी मारणारे बदलले, कारण पहिल्यांचे हात दुखत होते. हे सांगताना तो हसला. मी गप्पच. मग तो म्हणाला, तिसऱ्या दिवशी मी नाव सांगितलं. वरच्या गावात एक जण अंदरवाल्यांना तांदूळ पोचवत होता, त्याचं. पोलीस त्याला घेऊन गेले आणि जंगलात गोळी घातली. आमच्या पेपरात ते चकमक म्हणून आलं होतं, ती बातमी मीच दिली होती.

"हे गावाला माहीत नाही," तो म्हणाला. "बायकोलाही नाही. हे कागदावर नको, बाई."

मी म्हटलं, नाही लिहिणार. तेव्हा पेन खाली ठेवलाच होता.

आणि घरी येऊन लिहिलं. छापायला नव्हे, कोणाला दाखवायलाही नव्हे. विसरू नये म्हणून. तो नागपूरवाला म्हणायचा की न छापायचंसुद्धा लिहून ठेवावं, संदर्भाला लागतं. त्याच दोनशे पानी वहीत, माराच्या मजकुराला जोडून, एका बैठकीत सगळं लिहून काढलं. अक्षर सुंदर आलं होतं.

साप्ताहिकात पहिल्या पानावर आलं. त्याचं नाव नाही, गावाचं नाव नाही, तिसऱ्या दिवसाचा शब्द नाही. ते वाचून वकील चौकीवर गेले, मोर्चा निघाला, चौकीतले दोघं बदलले. संपादकानं पत्र पाठवलं, अभिनंदन. मी ते पत्र ह्यांना वाचून दाखवलं, कारण ते त्यांच्याच नावानं आलं होतं. आम्ही दोघंही हसलो.

पंधरा दिवसांनी चारोळीवाली सकाळीच आमच्या दारात उभी. बाजाराचा दिवस नव्हता. तिच्या तोंडावर वळ होता, कानापासून हनुवटीपर्यंत.

अंदरवाले गावात आले होते. त्यांनी पेपर वाचला होता, आणि मोहाखालची बैठकही त्यांना कळली होती. ते तिच्या नवऱ्याला विचारत होते की तासभर काय बोललास. तो म्हणाला, माराचं. तर त्यांचा प्रमुख म्हणाला, मार सांगायला तास लागत नाही. शेजारी कोण होतं? कोणीच नव्हतं. गावाला विचारलं. गाव काय सांगणार? बायको मधे पडली तर तिला बंदुकीच्या दस्त्यानं मारलं.

"तुला बोलावलंय," ती म्हणाली. "वही घेऊन ये म्हणाले. तू सांग की तो माराचंच बोलला. तू सांगितलंस तर सोडतील."

हे ठेल्यावर गेले होते. त्यांना सांगायला थांबले नाही. वही काढली. जावं तर वही हवी, वहीत तर सगळं लिहिलेलं. वही नेली नाही तर लपवली असं ठरणार. ती दारात उभी, मी तिच्याकडं पाठ करून ते एक पान फाडलं आणि चुलीत घातलं. एका पानावर मावलं होतं, म्हणून मला बरं वाटलं. दर आठवड्याला मजकूर चार-चारदा तपासणारी बाई मी. त्या दिवशी आधीच्या पानाचा शेवट वाचला नाही.

दुपारी आम्ही पोचलो. गोटुलाभोवती दहा-बाराजण बंदुका घेऊन उभे होते. गाव जमिनीवर बसवलेलं. मधे तो, हात मागं बांधलेले, एका डोळ्याची खाच झालेली. त्यांचा प्रमुख तेलुगू वळणाची हिंदी बोलायचा. डाव्या पायानं लंगडत होता. मला ओंडक्यावर बसायला जागा दिली, पाणी दिलं.

"अक्का, डरो मत," म्हणाला. "रास्ता कैसा था? नदी में पानी कितना है?"

मी सांगितलं, उतरलंय, आता गुडघाभर. मग त्यानं विचारलं, "इसने क्या बोला उस दिन?" आणि तो गप्प बसला. मला ते गप्प बसणं ओळखीचं होतं. आपण प्रश्न विचारतो तेव्हा समोरच्याचं काय होतं, हे मला तीन वर्षांत पहिल्यांदा कळलं. माझ्या तोंडातून शब्द आपसूक बाहेर पडत होते. कोंबड्यांचं बोलला, कुत्र्याचं बोलला, पलंगाचं, दांड्याचं, मिरचीचं. बस.

"बस?"

"बस, दादा."

त्यानं वही मागितली. त्यांच्यात एक मुलगी होती, आश्रमशाळेत शिकलेली, तिला मराठी वाचता येत होतं. तिनं वही उघडली तेव्हा मधून एक कोरं पान सुटून खाली पडलं. शिवलेली वही, एक पान फाडलं की जोडीचं पान सुटतं. शाळेत गेलेल्या प्रत्येक पोराला हे माहीत असतं. तिनं ते उचललं, त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि मोठ्यानं वाचून ओळीओळीनं माडियात सांगू लागली. माझी सुंदर अक्षरातली वाक्यं. पहिला दिवस, दुसरा दिवस. पान संपलं तिथली ओळ होती, "तिसऱ्या दिवशी त्यानं". पुढं काही नाही. पुढं बाजाराच्या बातम्या.

"तिसऱ्या दिवशी त्यानं काय?" मुलीनं विचारलं.

"पाणी मागितलं," मी म्हटलं.

प्रमुख माझ्याकडं बघतच राहिला. पण पुढं जे घडलं ते माझ्या खोटेपणामुळं नाही. तिचं वाचणं ऐकून तो बांधलेला माणूस माझ्याकडं बघत होता. त्याला वाचता येत नव्हतं. आपलंच बोलणं, पलंग, दांडा, हात दुखणारे शिपाई, सगळं जसंच्या तसं कागदातून बाहेर येताना त्यानं ऐकलं, आणि तिसऱ्या दिवसाचंही त्या कागदात आहे, आता ते निघणारच, असं तो समजला. माझ्यावर रागसुद्धा धरला नाही. मान खाली घालून स्वतःच म्हणाला, "तिसऱ्या दिवशी मी नाव सांगितलं."

त्याच्या बायकोनं माझा दंड धरला होता. तिची नखं आत गेली.

फार वेळ लागला नाही. प्रमुखानं गावाला काहीतरी भाषण केलं, गद्दार वगैरे. मग दोघांनी त्याला गोटुलाच्या खांबाजवळ गुडघ्यांवर बसवलं. कुऱ्हाड होती गावातल्याच कोणाची तरी. पहिला घाव कुऱ्हाडीच्या पाठीनं, मानेच्या मागं. तो पुढं पडला, पण मेला नाही, पाय खरडत राहिला, ते न बरे झालेले तळपाय. मग पात्यानं. तिसऱ्या घावाला पाय थांबले. रक्त मातीवरून वाहत ओंडक्यापर्यंत आलं आणि मी पाय वर घेतले. ती हालचाल माझी मलाच अजून दिसते. माणूस मेला होता आणि मी माझी चप्पल वाचवत होते.

भूमिया माझ्याशेजारी बसला होता. हळूच म्हणाला, "आमच्यातले दोघं त्या दिवशी शेजारी बसले असते तर आम्ही सांगितलं असतं की तो माराचंच बोलला. सगळ्या गावानं सांगितलं असतं. काही ऐकलं असतं तरी हेच सांगितलं असतं."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मी ज्याला धाक समजत होते तो त्यांचा आडोसा होता, आणि मी माणसाला त्याच्या बाहेर काढून मोहाखाली बसवलं होतं.

गाव उठवून लावल्यावर प्रमुखानं मला थांबवून घेतलं. "अब हमारा इंटरव्यू लो," म्हणाला. पडलेलं ते कोरं पानच त्यानं माझ्या हातात दिलं, आणि वही. मी लिहिलं. हा माणूस का मारला, पुढं कोणाला मारणार, रस्ता का नको, ठेकेदार का नकोत. त्यातलं काही खरंही होतं. प्रेत दहा पावलांवर होतं आणि माझा हात सरळ ओळीत चालत होता. वाक्य संपलं की तो विचारायचा, "लिखा?" मी म्हणायची, लिखा.

चार पानं झाली. घरी येऊन मी संपादकाला चिठ्ठी पाठवली की असं असं झालं. तो पहिल्या गाडीनं अहेरीत आला. ओट्यावर बसला, पानं दोनदा वाचली. म्हणाला, "बाई, जिल्ह्यात कोणालाच अशी मुलाखत भेटली नाई. पहिल्या पानावर घेतो."

मी म्हटलं, घ्या. पण सुरुवातीला लिहा की वार्ताहरानं शब्द देऊन मोडला, वहीत लिहिलं, पान फाडलं, आणि म्हणून हा माणूस मेला.

"वार्ताहर बातमीत येत नसते," तो म्हणाला.

"पण मी होतीच नं त्या बातमीत."

"ते तुमचं खाजगी झालं."

बराच वाद झाला. हे मधे म्हणाले, "साहेब, नाव तर माझं हाय. मी म्हणतो छापू नका." संपादक चहा न पिता उठला. तो गेल्यावर मी चारही पानं चुलीत घातली. चारोळीवाली खबऱ्याची बायको म्हणून छापून यावी, हे माझ्यानं होणार नव्हतं. एवढं एक तरी नीट केलं असं मला वाटलं.

पण चंद्रपूरला जाऊन संपादकानं चहाच्या टपरीवर चार जणांना सांगितलं असावं. तिसऱ्या दिवशी पोलिसांची जीप ठेल्यापाशी थांबली आणि ह्यांना घेऊन गेली. पेपरात नाव ह्यांचं, ओळखपत्रावर फोटो ह्यांचा. मी धावत चौकीत गेले. म्हटलं, लिहिणारी मी आहे, ते फक्त पेपर विकतात. चौकीतला साहेब म्हणाला, "माहीत आहे आम्हाला. बसा तुम्ही."

मला बाकावर बसवलं. ह्यांना आतल्या खोलीत नेलं, दार लावलं. साहेब तरुण होता, शिकलेला. माझ्यासाठी चहा मागवला. विचारलं, गाव कोणतं ब्रह्मपुरीकडं? लेकरं कितवीत आहेत? मग, ती पानं कुठं आहेत? मी म्हटलं, जाळली. त्यानं मान हलवली. मग विचारलं, "त्या दिवशी त्या लोकांचा भात गावात कोणी रांधला?"

आणि गप्प बसला.

आतून आवाज आला. आधी दांड्याचा, मग ह्यांचा. आमचे हे बायकोवर कधी ओरडले नव्हते, लेकरांवर नव्हते. तो आवाज त्यांचा आहे हे कळायलाच मला वेळ लागला. मग पुन्हा. मग पुन्हा. साहेब टेबलावरचा कागद बघत होता, मला काही विचारतसुद्धा नव्हता. चहावर साय धरली होती. मी मनात मोजू लागले, दहा झाले की सांगते, मग म्हटलं, पंधरा. आत हे म्हणत होते, "मले नाई माईत जी, मी पेपर इकतो, मले काईच नाई माईत." ते खरंच होतं.

भाताचा धूर मी पाहिला होता. गावात शिरताना, नाल्याकडच्या शेवटच्या घरातून.

मी सांगितलं. पंधरा व्हायच्या आत सांगितलं. साहेबानं लिहून घेतलं आणि आतल्या दाराकडं बघून नुसता हात वर केला. आवाज थांबला.

संध्याकाळी ह्यांना घेऊन मी घरी आले. पाय टेकत नव्हते. मी मोहाच्या बियांचं तेल लावलं. दोन दिवस ते पालथे पडून होते. तिसऱ्या दिवशी विचारलं, "काऊन सोडलं त्यानं मले?" मी म्हटलं, तुमच्याकडं काही निघालं नाही म्हणून. त्यांचा विश्वास बसला की नाही, मला ठाऊक नाही. पुढं पस्तीस वर्षं संसार केला, त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतरच्या बाजाराला चारोळीवाली आली. ती येईल असं मी धरलंच नव्हतं. कपाळ कोरं, तोंडावरचा वळ काळा पडलेला. तिनं टोपली मांडली. मी पुढं जाऊन बसले. ती पळसाच्या पानाचे द्रोण करत होती, काड्या टोचत होती.

"तुझ्या माणसाला नेलं होतं म्हणे," ती म्हणाली.

"हो."

"आला?"

"आला. चालत नाही अजून."

तिनं दोन द्रोण केले. मग वर न बघता विचारलं, "काय देऊन आणलंस?"

तिच्याशी मला खोटं बोलता आलं असतं. पान फाडता येतं तसंच ते. मी म्हटलं, "नाल्याकडचं शेवटचं घर."

तिचा हात थांबला. बाजारात कोंबड्यांचा गलका चालू होता, कोणी मीठवाल्याशी भांडत होतं.

"दोघं भाऊ राहतात त्या घरात," ती म्हणाली. "परवा दोघांना घेऊन गेले. धाकट्याचं प्रेत काल नदीत मिळालं."

मी तिनं केलेले द्रोण एकात एक रचू लागले.

तिनं एका द्रोणात चारोळी भरली आणि माझ्यापुढं ठेवली. तेलाबरोबर कुटून पायांना लाव म्हणाली, जखम लवकर धरते. आणि टोपलीवरचं फडकं सारखं करत, जसं बाजारात कोणी घरचं काही सांगतं तसं म्हणाली, "माझाही असाच घरी आला होता."